अगर

अगरवाडोच्या मिठागरातून
सगुणने भरून दिलेली बाटली
ताळगावच्या पठारापर्यंत मांडीवर धरून आणली.
"काय वाढवतेस गो यात?"
"पाण्यातले जीव."
"मग त्यांना जेवायला काय?"

पेप्टोन, यीस्टचा अर्क, वर ग्लुकोज:
सणाचं ताट.
सकाळी बघते तर पिवळे, चिकट,
एकमेकांच्या अंगावर चढलेले,
बोलावण्याआधीच पहिल्या पंगतीला बसणारे.
सूक्ष्मदर्शकाखाली, त्याच थेंबात,
हजारो दुसरे होते.
ते जेवायला आलेच नाहीत.

डॉ. इरेन म्हणाल्या, वाढणं कमी कर.
दहावा भाग. शंभरावा.
आणि फॉस्फेट नि अगर एका भांड्यात शिजवू नकोस,
आचेवर दोघांचं बिनसतं,
कोवळे जीव त्यानेच मरतात.
(चाळीस ताटल्या फेकल्यावर हे कळलं.)

लोखंडाचं मात्र मला आधीपासून ठाऊक होतं.
डिचोलीत आमच्या दारावरून खाणीचे ट्रक जायचे,
भाताच्या झाकणावर तांबडी धूळ,
ओसरी दिवसातून तीनदा पुसायची,
आणि आईचं हिमोग्लोबिन सात.
असणं वेगळं,
अंगी लागणं वेगळं.
इथेही लोखंड गंज होऊन तळाशी बसतं.
मग जीवाणू पाण्यात बारीक चिमटे सोडतात,
एकेक कण धरून घरी आणतात.
ज्याच्याकडे चिमटा नाही
तो शेजाऱ्याच्या चिमट्यावर भागवतो,
किंवा वाट बघतो.

शेवटी मिठागराचंच पाणी गाळलं,
त्यात नुसतं अगर.
कडेने पट्टी लावली, कपाटात ठेवलं.
शिगमो आला, गेला.
तेविसाव्या दिवशी
दिव्यासमोर ताटली तिरपी धरली
तर मोहरीच्या दहाव्या हिश्श्याएवढा
गुलाबी ठिपका.
धूळ असेल म्हणून काच पुसली.
पुसला गेला नाही.

सगुणला फोन लावला.
"वाढले?"
"एक."
"काय घातलंस?"
"तुमचंच पाणी."
तो बराच वेळ हसला.
"मग इतके दिवस बाजारातून काय आणत होतीस गो?"

वहीत तारीख घातली. नावाची जागा कोरी.
शेजारच्या तीन ताटल्यांत
अजून कोणी नाही.
त्या धुवायला दिलेल्या नाहीत.