गवत कापण्याचे पैसे

वर्षाला अकराशे डॉलर व्याज,
मिस हर्मीन वाइल बँकेत ठेवून गेल्या त्या रकमेवर.
त्यात पेट्रोल, पात्याला धार,
फाटकाच्या बिजागरीला दोनदा तेल.
आधी माझा बाप कापायचा. आता मी, क्लीओफस टार्व्हर.

सत्तेचाळीस दगड.
दर खेपेला मोजतो. जायचेत कुठे, पण मोजतो.

पहिला वाइल नदीच्या धक्क्यावर उतरला तेव्हा
पाठीवर बिऱ्हाड: सुया, बटणं, चष्मे, कथलाचे पेले.
मग दुकान झालं. मग पिवळ्या तापाचं साल आलं
आणि नऊ दिवसांत तीन पोरं गेली.
चर्चच्या आवारात त्याने जागा मागितली नाही,
की मागितली आणि मिळाली नाही,
बाप दोन्ही सांगायचा, ज्या दिवशी जसं मनात येईल तसं.
म्हणून टेकाडावरची ही दोन एकरं.
तीन बुटके दगड, प्रत्येकावर एक कोकरू,
पावसाने नाकं झिजवलेली.

त्यांचं प्रार्थनाघर विकलं. तिथे आता गालिचे मिळतात.
रंगीत काच तेवढी काढली नाही;
सकाळी दहाच्या सुमारास
नायलॉनच्या गुंडाळ्यांवर निळा उजेड पडतो.

मिस हर्मीन म्हणाल्या होत्या, तारेचा ब्रश नको.
मऊ ब्रश, साधं पाणी, आणि उजवीकडून सुरू कर.
मला वाटलं, दगड धुवायची रीत असेल.
ती वाचायची रीत होती.
एक अक्षर ओळीतून मान वर काढून उभं असतं.
नाव सांगितलं होतं त्यांनी, विसरलो.
बोटाला ठाऊक आहे.

त्यांना पुरलं त्या दिवशी मेम्फिसहून नऊ जण आले.
प्रार्थनेला दहा लागतात. दहाव्याचं चाक हायवेवर बसलं होतं.
मी फावडं ठेवलं, जॅक घेऊन गेलो,
चाक बदललं, त्याला घेऊन आलो.
नंतर ते जे म्हणाले त्यातलं अक्षरही कळलं नाही.
मी मागे उभा होतो, हाताला ग्रीस.

नाल्यापलीकडे आमची माणसं.
दगड नाहीत. एक सीडर, नांगराचा गंजका फाळ,
आणि जमीन जिथे खचली तिथे कुणीतरी आहे, एवढंच.
पणजोबा मला वाइलांच्या जुन्या खतावणीत सापडला:
इझेकिएल टार्व्हर, बूट एक जोड, सत्तर सेंट बाकी.
शाईने लिहिलेलं त्याचं नाव जगात तेवढ्याच जागी.
मिस हर्मीननी ते पान फाडून हातात दिलं.
"फिटलंय," म्हणाल्या.
कुणी फेडलं, मी विचारलं नाही.

टाकीत उरतं ते पेट्रोल नाल्यापलीकडे संपवतो.
अकराशेत ते बसत नाही. बँक विचारत नाही.

भाचा हल्ली बरोबर येतो.
परवा ओढ्यातून खडे वेचून आणले त्याने,
सत्तेचाळीस, आणि वर एक.
वरचा कुठे ठेवायचा ते अजून ठरलं नाही.
खिशात घेऊन हिंडतोय,
मशीनच्या किल्लीवर वाजतो.