चावीवाला

एकतीस वर्षं पर्वतीच्या टाकीखाली चाव्या फिरवल्या.
कुठल्या पेठेला किती आटे, हाताला पाठ.

आज मनगटातून तार आत गेली
आणि पडद्यावर माझीच लाइन:
डावीकडची, नव्वद टक्के चोंदलेली.

"ढमाले, आता छातीत दुखेल जरा," डॉक्टरबाई म्हणाल्या.
दुखलं.
फुगा फुगला, पंधरा सेकंद
सगळ्या गावाचं पाणी बंद.
मग जाळी बसली, आणि काळी शाई
सरसर शेवटच्या बोळापर्यंत.

खोदाई नाही, राडारोडा नाही.
"प्रेशर किती?" मी विचारलं.
त्या हसल्या.

बाहेर मंदाकिनी,
सहीचं पेन परत द्यायचं विसरलेली, मुठीत.
आमचं घर लाइनीच्या टोकाला.
तिथं कायम करंगळीएवढीच धार.
कधी बोलली नाही.