जिभेचं वजन

ओढेल की, ड्वेन म्हणाला,
आरामात ओढेल. आणि एकवीस फुटी ट्रेलरवर थाप मारली,
बाजारात म्हशीच्या पाठीवर मारतात तशी.

मी आत शिरले. लांब ओटा, दोन सिंक,
खिडकीत प्वेब्लोच्या पोलाद कारखान्याची धुराडी.
मनातल्या मनात मिसळणाचा डबा ठेवूनही टाकला.
श्रीरंग बाहेरच. आमच्या गाडीचं दार उघडून
उकिडवा बसलेला, चष्मा कपाळावर,
चौकटीवर चिकटवलेला कागद वाचत:
माणसं आणि सामान मिळून
अकराशे चाळीस पौंडांच्या वर नको.

अकरा वर्षं त्याच दारातून चढले-उतरले,
कधी वाचलं नव्हतं.

तिथंच, उन्हात, पावतीच्या पाठीवर हिशोब.
तो एकशे अठ्ठ्याहत्तर.
मी एकशे एक्केचाळीस, हे त्यानं न विचारता लिहिलं.
ट्रेलरचा जो दांडा गाडीवर टेकतो
त्याला इथे जीभ म्हणतात.
आपल्या जिभेला हाड नसतं,
ही नुसती टेकली तरी पाचशे पौंड.
उरले तीनशे एकवीस. त्यात जॅक, अवजारं, खुर्च्या,
कुकर, आणि आंबेमोहोर,
कारण घाटापलीकडे तो कोण विकणार?

संध्याकाळी कुंपणापाशी बर्निस.
सव्वीस वर्षं ट्रक चालवला, आता मिरच्या लावते.
म्हणाली, पत्रकावर छापतात ते कोरडं वजन.
पाण्याआधीचं, गॅसच्या आधीचं,
तुम्ही राहायला जायच्या आधीचं.
म्हणजे स्थळाच्या माहितीतलं, मी मराठीत म्हटलं.
श्रीरंग एकटाच हसला.
ओढतं गं काहीही, ती म्हणाली,
उतारावर थांबेल का, ते विचार.
मग बराच वेळ गप्प. उजवा पाय
गवतावर दाबत होती,
जिथं कुठलाच ब्रेक नव्हता.

ड्वेन खोटं बोलला नव्हता.
ओढलंच असतं गाडीनं. आम्हीही ओढलंय,
दोन नोकऱ्या, तीन गावं, एक न चाललेलं दुकान.
‘आरामात’ हा शब्द तेवढा
आमच्या हिशोबात कधी आला नव्हता.

शेवटी कॅन्यन सिटीतल्या एका निवृत्त शिक्षिकेचा घेतला,
तेरा फुटी, अंड्यासारखा, पडद्यांवर बदकं.
पाणी भरलं, सिलिंडर लावला, तांदूळ चढवला
आणि हमरस्त्याच्या वजनकाट्यावर
अठरा चाकांच्या रांगेत उभे राहिलो.
मागच्या ड्रायव्हरनं हॉर्न दिला. प्रेमानं असावा.
चिठ्ठीवर सगळं मिळूनही पुष्कळ जागा शिल्लक.
श्रीरंगनं ती घडी घालून पाकिटात ठेवली,
मुलीची प्रगतिपुस्तकं ठेवायचा तशी.

अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात;
आम्ही गाडी पाहून अंथरूण घेतलं.
ते त्याला दोन इंच कमी पडतं.
सिंक एकच. फोडणीच्या वेळी
मिसळणाचा डबा माझ्या मांडीवर.

सप्टेंबरात मोनार्क घाट चढलो.
मागून आलेल्या सगळ्यांना पुढे जाऊ दिलं.
माथ्यावर वारा, पिवळी पडू लागलेली झाडं,
मग गनिसनकडचा उतार,
खालचा गिअर, इंजिनाची एकसुरी घरघर.
अर्ध्या वाटेवर सहज खाली पाहिलं:
माझा उजवा पाय
चपलेतून बाहेर येऊन
मजेत आडवा पडला होता.