चार्जिंगचा बल्ब

जिंतूर रोडला, बॅटऱ्यांच्या दुकानामागं
खाजाभाईनं माझ्या फियाटचा डॅशबोर्ड उघडलाय
आणि ताटलीत मांडलेत सहा बल्ब,
हरभऱ्याएवढे, काळवंडलेले.
एकाच्या आत तार तुटून लोंबतेय,
हलवला की बारीक वाजतो.

"मॅडम, ह्या उजेडात तुम्ही गाडी चालवायलाव?
चुलीचा जाळ बरा ह्याच्यापरीस."

चालवायलेच की. बावीस वर्षं.
सेलूच्या जिनिंगवाल्याकडून घेतली तेव्हाच
काटे पिवळ्या धुक्यात बुडालेले.
साठ की ऐंशी, हे मी
खिडकीच्या काचेच्या थरथरीवरून ओळखते.
पण मोतीबिंदू काढल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
अंदाजानं बघायची सवय सोडा आता.

टेलिफोन एक्स्चेंजात उमेदीची सगळी वर्षं
मी दिव्यांपुढंच बसले.
दिवा पेटला की कुणाला तरी बोलायचंय.
प्लग खोचला की तो विझतो,
विझला म्हणजे लाईन जोडली गेली.
रात्रपाळीत मानवतचा दिवा, पाथरीचा, गंगाखेडचा,
दोन-दोन तास ट्रंककॉलला ताटकळणारी माणसं.
बोर्ड काढून नेला त्या दिवशी
हमालांनी तो ट्रकात आडवा टाकला
आणि दिव्याची एक टोपी
घरंगळत गटारीकडं गेली.
मी ती उचलली नाही.

एलईडी पाकिटातून निघाले.
ना फुगीर काच, ना तार,
नुसता पिवळ्या टिकलीसारखा ठिपका.
पहिला लावला. ढिम्म.
"गेलेला निघाला का?"
"नाही हो, ह्याला उलटं-सुलटं कळतं.
जुन्याला कसंबी बसवा, पेटायचा बिचारा.
ह्याची बाजू चुकली की गप बसतो."
काढून, फिरवून, पुन्हा खोचला.

आणि भरदुपारी, गोणपाटाच्या पडद्याआड,
अगं बाई.
सगळंच दिसलं.
वीसचा आकडा, कुणीतरी नखानं खरवडलेला.
पेट्रोलचा काटा, मला कायम अर्ध्यावर वाटायचा,
तो पावाच्याही खाली.
आणि काचेच्या आत, शंभराच्या पुढं,
पंख पसरून वाळलेलं एक पाखरू.
मी कधी तिथवर गेले नाही.
ते जाऊन बसलं होतं.

"लई पांढरं झालं, खाजाभाई. दवाखान्यावाणी."
"पवन्या, त्या हिरव्या टोप्या आण रं."
टोप्या चढल्या तसा उजेड जरा माणसांत आला.
पाखराला काढू का, त्यानं विचारलं.
राहू दे म्हणाले. का, ते सांगता आलं नाही.

पाच झाले. सहावा मीच पुढं केला,
लाल काचेमागचा, चार्जिंगचा.
"तो नको. तिथं जुनाच लावतो."
"आता एकट्यानं काय घोडं मारलं?"
"त्याच्या तारेतनं जातो तो करंट
अल्टरनेटरला उठवतो, मॅडम.
हे नवे खातेतच इतकं कमी,
तेवढ्यानं ते जागं होत नाही.
गाडी चालंल, दिवे लागतील,
अन् बॅटरी आपली गुपचूप उतरत जाईल."
पक्कड पुसत, माझ्याकडं न बघता:
"खाणारा बी एक लागतो गाडीत."

जुना बल्ब त्यानं सदऱ्याच्या टोकानं पुसला,
उजेडाला धरून तार तपासली, बसवला.
पवन्यानं उरलेले चार डब्यात टाकले,
तुटक्या तारेचा मात्र खिशात,
वाजवत बसायला.

दिवेलागणीला चावी फिरवली.
हिरव्यात काटे असे सरळ उभे
की उगाच पाठ ताठ केली मी.
खालच्या कोपऱ्यात लाल दिवा
आळसावून पेटला.
इंजिननं धरलं, आणि विझला.

तोंडातनं निघून गेलं,
"हॅलो, परभणी. बोला."

पवन्या बघायला लागला.
मी गिअर टाकला
आणि आधी पेट्रोलपंप गाठला.