कडी आतून लागते का

उद्यमनगरात, दादू मेस्त्रीच्या लेथमागं
लोखंडाचा बुरा साठवायच्या पिंपात
सहा पिल्लं होती.
आई टेम्पोखाली गेली सोमवारी,
मेस्त्रीचा फोन आला गुरुवारी—
'ताई, रडायची थांबल्यात, म्हणून भ्या वाटलं.'

केसांत, पंजात, कानात लोखंडाचा कीस.
दोन रात्री मी भिंग आणि चिमटा घेऊन बसले.
शेळीचं दूध, औषधाच्या ड्रॉपरनं, थेंब थेंब.
पाचव्या दिवशी सहाची पाच झाली.
त्याबद्दल इथं काही लिहीत नाही.

मग एक वही केली.
लाल पुठ्ठ्याची, आधी दुधाच्या हिशोबाची होती.
डाव्या पानावर माणूस, उजव्या पानावर प्रश्न:
फाटकाला कडी आहे का? आतून लागते का?
गावाला जाता तेव्हा कोण बघेल?
फटाक्यांच्या रात्री ते कुठं झोपेल?
म्हातारं झाल्यावर?

शेवटच्या प्रश्नाला लोक हसतात.
जो हसत नाही
त्याच्यापुढं मी बरोबरची खूण करते.

नागाळा पार्कातले एक साहेब
गाडीतून उतरलेच नाहीत. काच अर्धी खाली.
'जात कुठली?'
'कोल्हापूरची,' म्हटलं.
काच वर गेली.

मगदूम आण्णांना रानात राखणीला हवं होतं.
साखळी किती हात लांब, मी विचारलं.
ते स्वतःच्या हाताकडं बघत राहिले.
'आणि साखळीच लावली नाही तर?'
'तर ऊसतोडीच्या वेळी बघायला येतो,' म्हटलं—
आमच्याकडं बायकाही येतोच म्हणतात.
गेले. ट्रॉलीवर उसाच्या मोळीवर उभं राहून
ते माझ्यावरच भुंकलं.
खूण केली.

लक्ष्मीपुरीच्या शमशाद बागवाननं दोन नेली,
एक मागायला आली होती.
'एकट्यानं कसं झोपंल ते?'
आणि म्हणाली, सही कशाला, वचन घे.
मी दोन्ही घेतलं.

राजारामपुरीतनं एक परत आलं.
सव्वा महिन्यानं. बदली झाली म्हणे पुण्याला.
सोबत अर्धी पिशवी खाणं, पट्टा,
आणि भांडं घासून, पुसून, कोरडं करून.
राग मला त्या भांड्याचाच जास्त आला.
गाडी गेली त्या कोपऱ्याकडं ते बघत बसलं
अंधार पडेपर्यंत. मग जेवलं.
आता गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर असतं,
पहाटे म्हशींच्या मधून फिरतं,
मालक असल्यासारखं.

उरली काळी.
'मादी?' आणि फोन ठेवल्याचा आवाज.
ऑपरेशन मी करून देतो, खर्च माझा.
'तरी पण...'
त्या 'पण'च्या पुढं कुणी कधी काही बोललं नाही.

उत्तरेश्वर पेठेतनं हर्षल आला, इयत्ता पाचवी,
आईला घेऊन. आई दारातच थांबली.
त्यानं काळीला मांडीवर घेतलं, वही मागितली,
बोट ठेवून ठेवून वाचली,
आणि मलाच विचारलं:
'तुमची कडी आतून लागते काय?'

लागत नाही. तीन वर्षं झाली.
भाड्याची खोली, मालक करतो करतो म्हणतात,
मी सुतळी बांधून भागवते.
'मग हिला हितं ठेवू नका,' तो म्हणाला, 'पळून जाईल.'
आई म्हणाली, आम्ही विचार करून कळवतो.
त्यांचं कळवणं अजून आलेलं नाही.

काल दादू मेस्त्रीनं कडी करून दिली.
पैसे घेतले नाहीत, घासून मात्र भरपूर दिली,
हाताला कुठं लागत नाही.
बसवताना काळी स्क्रू चावत होती.

रात्री वही उघडली.
डाव्या पानावर माझं नाव लिहिलं,
उजवीकडं एकेक उत्तर.
गावाला मी जात नाही.
फटाक्यांच्या रात्री: पलंगाखाली, दोघीही.
म्हातारं झाल्यावर?
मला चौपन्न पुरी होतील दिवाळीत.
हसू आलं, आवरलं.
खूण अजून केलेली नाही.