टाकीचं झाकण

बर्फाच्या बारा लाद्या, वर गोणपाट, खाली भाताचं तूस.
सातपूरच्या कारखान्यातून साडेसहाला निघायचं
आणि आठच्या आत आडगाव.
यात गाडीचं मत कुणी विचारत नाही.

गाडी एकोणीस वर्षांची. डिझेलचा काटा मेलेला,
म्हणून मी वेळूच्या काडीने मोजते:
दोन बोटं ओली म्हणजे आडगाव,
चार बोटं म्हणजे आडगाव आणि परत.

त्र्यंबक रोडला ठणठणीत. मुंबई नाक्याला ठणठणीत.
द्वारका ओलांडली की आवाज पातळ होतो,
पाय दाबला तरी ओढत नाही,
आणि अमृतधामच्या अलीकडे,
ना खोकला, ना धूर,
बोलता बोलता कुणी उठून जावं तशी बंद.

स्टार्टर फिरतो. गाडी लागत नाही.
पुढे डिझेल येत नाही,
मागे पाणी थांबत नाही,
फाळक्यातून थेंब थेंब डांबरावर,
मधे मी.

सातपूरच्या भगीरथने आधी फिल्टर बदलला.
जुना उपडा करून दाखवला, चहाच्या चोथ्यासारखं काहीतरी.
"हेच होतं, ताई."
नव्हतं.
मग वाटीतलं पाणी सोडलं, मग फीड पंप,
मग नळीच्या जोडाजोडाला क्लिपा,
कारण सगळ्यांचं निदान एकच: लाइन हवा धरतेय.
एकाने स्कॅनर काढला,
गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या,
तो लावायला भोकच सापडलं नाही.
चौथा म्हणाला इंजिन खोलावं लागेल,
आणि आकडा असा सांगितला
की मी काडी न बुडवताच घरी आले.

हवा काढायला मी स्वतःच शिकले.
पाना लावून ब्लीडिंगचा बोल्ट अर्धा आटा सैल,
अंगठ्याने हातपंप दाबत राहायचं,
फेस, फेस, मग निव्वळ डिझेल.
आमच्यात फेस यायचाच नाही.
पंप दाबला की दाबलेलाच,
वर यायचं नावच नाही,
रुसलेल्या पोराचं तोंड जसं.

हे मी द्वारकेच्या इद्रिसभाईंना सांगितलं.
ते स्कूटरवर आले, पाना न काढता फूटपाथवर बसले.
"बंद पडल्यावर काय काय करतेस? सगळं सांग. शिव्या पण."
उतरते, म्हटलं. शिवी देते, ती यांच्यापुढे नाही सांगता येणार.
म्हसूला गोणपाट नीट करायला लावते.
काडी बुडवते. मग स्टार्टर मारते, लागते.
"आणि काडी नाही बुडवली तर?"
बुडवतेच की.
"आज नको."

तिघं थांबलो.
स्टार्टर. नाही.
थेंब.
स्टार्टर. नाही.
एक लादी कोपऱ्यातून कुरकुरली.
मग इद्रिसभाईंनी कान टाकीला लावला
आणि झाकण पाव आटा फिरवलं.

फुस्स.
लांब, आत ओढलेला.

पहिल्या फटक्यात लागली.

झाकण माझंच. जुनं पेठ रोडला चोरीला गेलं,
भद्रकालीतून नवं आणलं नव्वद रुपयांना, चावीचं,
रबर असं पक्कं की मीच खूश होते.
जुन्याला सुईएवढं भोक असतं
हे मला कोण सांगणार!
सगळे म्हणत होते आत हवा शिरतेय.
आत हवाच शिरत नव्हती.

त्या दिवशी आडगावला बारातल्या नऊ उतरल्या,
आणि दहाव्या तुकड्याला लादी म्हणायचं का
यावर रसवंतीवाल्याशी वाद.
परतताना इद्रिसभाईंनी झाकणाला भोक पाडलं, दीड एमएमचं.
पैसे घेतले नाहीत.
तो वादातला तुकडा मागितला,
जर्मनच्या डब्यात बसेल एवढा फोडून.

द्वारका ओलांडली की अजून मी रेडिओ बंद करते,
काच खाली घेते,
ऐकते.
मागे रिकाम्या तुसावर म्हसू झोपलेला असतो,
तोंड उघडं टाकून.