स्थानिक नाव

लेबलावर सहा ओळी असतात.
कुळ, प्रजाती, ठिकाण, उंची, तारीख,
आणि तळाशी, स्थानिक नाव.
पहिल्या पाच मी खानापुरात कॉलेजात बसूनच भरते.
अठ्ठावीस वर्षं लॅबमध्ये हेच.
मॅडम बदलतात, डिंक तोच.

सहाव्या ओळीसाठी कणकुंबीच्या पुढं गेले,
चिगुळ्याच्या वरच्या रानात.
शेवाळलेल्या कातळाच्या फटीत ते होतं,
करंगळीच्या पेराएवढं,
फिकट जांभळं, घशाशी पिवळा ठिपका
आणि वासराच्या कानांसारखी पाडलेली दोन पानं.
वाकल्याशिवाय दिसत नाही.
वाकलं की चष्मा धुक्यानं भरतो.

गार्ड मडिवाळप्पा म्हणाला, "इदक्क हेसरु इल्ल री."
मग थोडं थांबून, मराठीत,
"नाव नाही ह्याला. जनावर खात नाही,
औषधाला लागत नाही."
म्हणजे नाव मिळवायला
एवढं तरी करावं लागतं.

म्हशी वळवत सोनाक्का झोरे आली.
"तेरड्याची धाकटी भण ही.
आमी पोरं फुटकी म्हणायचो.
पण तसलं लिवू नकासा, बाई, कॉलेजात."

खाली फाट्यावर चहा देताना गंगव्वा म्हणाली, चिटिकी.
आणि चिमटी वाजवून दाखवली.
दुधाच्या हातानं, म्हणून आवाज नीट आला नाही.
परत वाजवली.

मी पेन उघडलं, टोपण लावलं.

रात्री झाड रद्दीत दाबून ठेवलं.
आमच्याकडं रद्दी दोन्ही भाषांतली येते,
खाली निवडणूक, वर कांद्याचा भाव,
कुठली लिपी कुठं, ते मी बघत नाही.
सकाळी उघडलं तर शेंग फुटलेली.
अकरा बिया.
बारावी मोजताना उडाली असावी.

शीट धारवाडहून परत आली,
रिकाम्या ओळीभोवती लाल गोल.

पुढच्या भाद्रपदात परत गेले.
फटीत काही नव्हतं.
मडिवाळप्पाची बदली झाली होती,
नवा पोरगा मोबाईलला रेंज शोधत होता.
मागच्या वर्षीचं एकही झाड नसतं कधी,
मीच शिकवते हे पोरांना, तरी खाली बसून शोधलं.
चार पावलांवर, म्हशीच्या खुराच्या खड्ड्यात
सात होती.
ह्यांनी सोनाक्काला पाहिलेलं नाही.
मलाही नाही.

इंजेक्शनच्या बाटलीतून अकराही बिया
तिथंच ओतल्या. एक ओल्या बोटाला चिकटली,
ती झटकली नाही, बसमधून घरी आली.
कुठं पडली कोण जाणे. टिळकवाडीत
उगवायची नाही, उंची कमी पडते.

लाल गोल अजून तसाच आहे.
कुणी विचारलं तर मी आधी हात पुसते,
मग चिमटी वाजवते.